इलेक्ट्रॉनिक फासा आणि त्याचा समयक

ग्वाल्हेरचा किल्ला चढू लागले म्हणजे वाटेत अखंड खडकातून कोरलेले विष्णूचे चतुर्भुज मंदिर लागते. विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ च्या तेथील शिलालेखात देवाच्या बागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब व १८७ हात रुंद असल्याची, तसेच रोज ५० माळा अर्पण करावयाच्या असल्याची नोंद आहे. या आकड्यांतील शून्य हे भारतातील शून्यचिन्हाच्या जुन्या लेखी पुराव्यांपैकी एक आहे. शिंदे घराण्याबरोबर मराठी भाषा ज्या नगरीत रुजली, तेथील हे शून्य आठविण्याचे कारण असे की, प्रस्तुत लेखात ज्या छोट्या उपकरणाची माहिती दिली आहे, तेही शून्यापासूनच मोजू लागते.

फाशाचा खेळ आपल्याकडे प्राचीन आहे आणि फाशाविषयीचा संशयही तितकाच प्राचीन आहे. शकुनीचे नाव आजही कपटाशी जोडले जाते ते त्यामुळेच. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एखाद्या विद्यार्थ्याने विजेवर चालणारा फासा मांडला, तर पाहणारा प्रथम हेच विचारील की, हा फासा न्यायी आहे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर फाशाच्या समयकात मिळते.

समयकाचे कार्य

या कामासाठी ‘५५५’ या क्रमांकाची चकती जगभर वापरली जाते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील सिग्नेटिक्स कंपनीसाठी तिची रचना केली व १९७२ मध्ये ती बाजारात आली.

पूर्वी लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवीत. तळाला बारीक छिद्र असलेले पात्र ठराविक वेळात भरून बुडे; मग ते रिकामे करून पुन्हा पाण्यावर सोडीत. समयकात पात्राच्या जागी धारित्र, म्हणजे कपॅसिटर असतो आणि छिद्राच्या जागी रोध. रोधातून येणाऱ्या विजेने धारित्र बॅटरीच्या दाबाच्या दोन तृतीयांशापर्यंत भरते, मग एक तृतीयांशापर्यंत रिकामे होते, आणि हा क्रम अखंड चालू राहतो. प्रत्येक आवर्तनास एक विद्युत स्पंद बाहेर पडतो.

स्पंदांची संख्या काढण्याची रीत सोपी आहे. पहिला रोध आणि दुसऱ्या रोधाची दुप्पट यांची ओममधील बेरीज करावी, तिला धारित्राच्या फॅरडमधील मापाने गुणावे आणि त्या गुणाकाराने १.४४ ला भागावे. पहिला रोध १ किलोओम, दुसरा १० किलोओम आणि धारित्र ०.०१ मायक्रोफॅरड घेतल्यास सेकंदाला सुमारे ६,८५० स्पंद मिळतात.

जोडणी

समयकाच्या ८ व ७ या पायांमध्ये पहिला रोध, ७ व ६ यांमध्ये दुसरा रोध जोडावा. ६ व २ हे पाय एकत्र करून त्यांपासून ऋण तारेपर्यंत धारित्र बसवावे. ८ वा पाय ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाला व १ ला पाय ऋण तारेला जोडावा. ४ था पाय १० किलोओमच्या रोधाने ऋण तारेला जोडून ठेवावा. कळ दाबताच तो धन तारेला जोडला जाईल अशी योजना करावी. कळ दाबलेली असेतोवरच समयक चालतो.

३ ऱ्या पायातून निघणारे स्पंद ‘४०१७’ या गणकाच्या १४ व्या पायाला द्यावेत. गणकाचा १६ वा पाय धन तारेला, ८ वा व १३ वा ऋण तारेला जोडावा. शून्य ते पाच ही त्याची सहा निर्गम-स्थाने अनुक्रमे ३, २, ४, ७, १०, १ या पायांवर आहेत. तेथे सहा एलईडी दिवे लावावेत आणि सर्वांची ऋण टोके एकाच १ किलोओम रोधातून ऋण तारेला न्यावीत. सातवे स्थान, म्हणजे ५ वा पाय, १५ व्या पायाला जोडला की, गणक सहा मोजून पुन्हा शून्यावर येतो. गणकाचे शून्य तेच आपल्या फाशाचे एक.

न्याय कशात आहे?

आता धारित्र ०.०१ ऐवजी १० मायक्रोफॅरडचे घ्या. सेकंदाला जेमतेम सात स्पंद पडतील आणि दिवे एकामागून एक स्पष्ट पेटताना दिसतील. चपळ मुलगा सहाचा दिवा पाहून कळ सोडील. म्हणजे शकुनी पुन्हा अवतरला! याउलट, ६,८५० स्पंदांच्या वेगाने गणक सेकंदाला अकराशेहून अधिक फेऱ्या करतो. सहाही दिवे एकदमच मंद पेटल्यासारखे भासतात. बोट उचलण्यात सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरक पडला, तरी तेवढ्यात पन्नासहून अधिक फेऱ्या होऊन जातात. हाताचे कसब तेथे चालत नाही.

रोध किंवा धारित्र लिहिलेल्या मापापेक्षा दहा टक्के कमीअधिक निघाले, तर वेग बदलेल. न्याय बदलणार नाही, कारण प्रत्येक अंकाच्या वाट्याला नेमका एकच स्पंद येतो. म्हणजेच येथे समयक अचूक असण्यापेक्षा वेगवान असणे आणि वाटणी समान असणे महत्त्वाचे आहे.

परीक्षा

तथापि केवळ शब्दांवर विश्वास ठेवू नये. शिक्षकबंधूंनी वर्गाकडून ६०० वेळा कळ दाबवून फळ्यावर नोंद घ्यावी. प्रत्येक अंक सुमारे १०० वेळा यावा. ८० ते १२० पर्यंतचा फरक स्वाभाविक समजावा. सहा कधीच आला नाही, तर १५ व्या पायाची तार चुकून सहाव्या स्थानाला लागली आहे. पुष्कळदा एकही दिवा पेटत नसेल, तर ती तार सुटली असून गणक दहापर्यंत मोजत आहे.

घरातील विजेशी या उपकरणाचा संबंध नसल्याने ते मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता येते. ग्वाल्हेरच्या त्या शिलालेखात दान किती हात जमिनीचे आणि किती माळांचे, हे आकड्यांनी कोरून ठेवले आहे, म्हणून ते कोणालाही पडताळता येते. विश्वासाला मोजमापाचा आधार द्यावा, हा धडा मुलांनी फाशातून घेतला, तर खेळ सार्थकी लागला असे म्हणता येईल.