तलावाचा काठ आणि शिरोबिंदू

रायपूर शहराच्या बूढापारा भागात बूढा तलाव आहे. विवेकानंद सरोवर हे त्याचे दुसरे नाव. त्याच्यासारखा वळणदार काठ संगणकीय नकाशात दाखवताना काठावर जागोजागी बिंदू घेतात आणि ते क्रमाने सरळ रेषांनी जोडतात. अशा रीतीने तयार होणारी आकृती म्हणजे बहुभुज आणि ते बिंदू म्हणजे तिचे शिरोबिंदू होत.

हा बहुभुज आज्ञावलीत कसा मांडावा? ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग या पद्धतीत माहिती आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया एकत्र ठेवतात. अशा एककास ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगार्ड या नॉर्वेच्या संशोधकांनी १९६७ साली मांडलेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेने या पद्धतीचा पाया घातला. येथे शिरोबिंदू हा एक ऑब्जेक्ट असतो. तो आपले दोन निर्देशक जपतो. बहुभुज हा दुसरा ऑब्जेक्ट. तो शिरोबिंदूंची क्रमवार यादी जपतो व स्वतःचे क्षेत्रफळ काढतो.

यादीतील क्रम फार महत्त्वाचा असतो. (०,०), (४,०), (४,३), (०,३) या क्रमाने आयत तयार होतो व क्षेत्रफळ १२ येते. मात्र (०,०), (४,३), (४,०), (०,३) असा क्रम लिहिल्यास बाजू एकमेकींना छेदतात आणि निर्देशकांच्या नेहमीच्या सूत्राने क्षेत्रफळ शून्य येते. बिंदू तेच असूनही उत्तर चुकते, आणि संगणक तक्रारही करत नाही.

याहून सूक्ष्म प्रश्न सामाईक सीमेचा आहे. तलाव आणि काठालगतची जागा यांची हद्द एकच असते. दोन्ही बहुभुजांत त्या शिरोबिंदूंच्या वेगवेगळ्या प्रती ठेवल्या आणि एकच प्रत दुरुस्त केली, तर मध्ये एक पट्टी उरते. ती कोणाचीच राहत नाही किंवा दोघांचीही ठरते. जमिनीच्या नकाशात एवढीशी पट्टीही वादाचे कारण होऊ शकते. म्हणून दोन्ही बहुभुजांनी एकाच शिरोबिंदूचा आधार घ्यावा. म्हणजे तो सरकताच दोन्ही सीमा एकत्र सरकतात. २००४ साली सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशातही एकच बिंदू अनेक आकृत्यांना वापरता येतो. याउलट, चित्रातील एखादी आकृती स्वतंत्रपणे हलवायची असेल, तर तिला स्वतःच्या प्रती देणेच योग्य. अन्यथा शेजारची आकृतीही ताणली जाते.

बूढा तलावात बेट आहे. त्यावर उद्यान आहे. केवळ बाहेरचा काठ मोजल्यास बेटाची जमीनही पाण्यात धरली जाईल. म्हणून आतील काठाची दुसरी यादी ठेवून तिचे क्षेत्रफळ वजा करावे लागते.

आज्ञावली लिहिणाऱ्याने आधी वस्तुस्थिती पाहावी: कोणता बिंदू कोणाकोणाचा आहे, हे ठरल्यावरच आकृती खरी उतरते.

स्वाध्याय
१. शिरोबिंदूंचा क्रम बदलल्यास क्षेत्रफळ का चुकते?
२. तुमच्या परिसरातील सामाईक हद्द असलेल्या दोन जागांचे चित्र काढा व त्यांचे सामाईक शिरोबिंदू दाखवा.