साबणाचा पडदा आणि राखेतले लोखंड
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या सत्रात तत्त्वज्ञानाच्या तासाला मी एक निबंध वाचला. मोपर्त्युई या फ्रेंच पंडिताने १७४४ साली असे मांडले की, निसर्ग आपली कामे कमीत कमी खर्चात उरकतो. पुढे १७४६ मध्ये या काटकसरीतच त्याला ईश्वराचा पुरावा दिसला. मला हा विचार फार भावला. 'सर्वांत कमी ऊर्जेची वाट निसर्गाला अचूक सापडते,' असे मी ठणकावून सांगितले. सरांनी एवढेच विचारले, "हे तू वाचलंस की पाहिलंस?"

वाचले होते. दहावीला गणितात कसाबसा सुटलेला आणि म्हणून कला शाखेत आलेला मी, पाहणार कुठून? पण प्रश्न डोक्यातून जाईना. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात साबणाच्या पाण्याचा प्रयोग सापडला, तो करून पाहायचे ठरवले.

समजा, चार वाड्या एका आयताच्या चार कोपऱ्यांवर आहेत. लांबी ४ किलोमीटर, रुंदी ३. चारही वाड्या कमीत कमी लांबीच्या नळाने जोडायच्या. तीन बाजूंनी नळ टाकला तर १० किलोमीटर. दोन कर्ण टाकले तर ५ आणि ५, पुन्हा १०. याहून कमी कसे होणार, असे मलाही वाटले.

माझे वडील लोहार. त्यांनी पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पाट्यांना तापल्या सळईने भोके पाडली आणि मध्ये सारख्या उंचीचे चार खिळे बसवून दिले. प्रमाण २ सेंटीमीटरला एक किलोमीटर. हे चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून वर काढले की खिळ्यांमध्ये पडदा उभा राहतो. द्रवाच्या पृष्ठभागाला ताणलेल्या रबरासारखी आकसण्याची ओढ असते. तिला पृष्ठताण म्हणतात. पडद्याचे क्षेत्रफळ जास्त तेवढी त्यातली ऊर्जा जास्त. येथे पडद्याची उंची सगळीकडे सारखीच, तेव्हा क्षेत्रफळ घटणे म्हणजे लांबी घटणे. ऊर्जेचा प्रश्न असा नळाचा प्रश्न झाला.

पडदा आला तो कर्णांसारखा नव्हताच. दोन खिळ्यांकडून आलेले पडदे एका जागी मिळाले, समोरचे दोन दुसऱ्या जागी, आणि त्या दोन तिठ्यांना जोडणारा एक आखूड पडदा मध्ये, ३ किलोमीटरच्या बाजूला समांतर. प्रत्येक तिठ्यावर १२० अंशांचे कोन. हिशेब केला (दोन दिवस लागले, लपवत नाही): ९.९३ किलोमीटर. दहाहून कमी! निबंध खरा ठरला म्हणून मी हरखलो.

दुसऱ्या दिवशी आईला दाखवायला चौकट पुन्हा बुडवले आणि या वेळी आडवे बाहेर काढले. मधला पडदा आता लांब बाजूला समांतर होता. लांबी ९.२ किलोमीटर. म्हणजे कालचा पडदा जवळजवळ पाऊण किलोमीटर उधळेपणा करून निवांत उभा होता! मी कालच्यासारखा पडदा पुन्हा काढून त्यावर हळूच फुंकर मारली, तर तो टुणकन उडी घेऊन ९.२ वर आला.

डोंगरावरून सोडलेला गोटा पहिल्या खळग्यात थांबतो. पलीकडच्या उंचवट्यामागे खोल दरी आहे, हे त्याला कळत नाही. पडद्याचे तसेच. थोडे हलला की लांबी वाढते, म्हणून तो हलत नाही. खळगा सापडला, तो सर्वांत खोल आहे, याची हमी नाही.

१२० अंशांचा हा नियम बेल्जियममधील घेंट येथील प्राध्यापक जोसेफ प्लाटो यांनी प्रयोगांतून मांडला. त्यांचा ग्रंथ १८७३ चा. तोवर त्यांची दृष्टी जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. पडदे पाहत ते साहाय्यक व घरची माणसे. हे वाचल्यावर 'पाहिलंस का?' हा सरांचा प्रश्न मला जरा वेगळाच वाटू लागला.

वाड्या चार असतात तेव्हा खळगे मोजता येतात. इंजिनिअरांपुढे शेकडो भाग असतात आणि खळगे मोजण्यापलीकडचे. १९८३ साली कर्कपॅट्रिक, जेलॅट आणि वेकी या तिघांनी 'सायन्स' नियतकालिकात एक युक्ती मांडली. संगणकाला उत्तर शोधताना अधूनमधून वाईट पाऊलही टाकू द्यायचे. सुरुवातीला बरेचदा, मग हळूहळू कमी. गोटा त्यामुळे उथळ खळग्यातून बाहेर पडू शकतो. ही युक्ती त्यांनी धातू तापवून सावकाश निववण्यावरून घेतली.

हे मी वडिलांना सांगितले. ट्रकचा जुना पाटा कापायचा असला की ते तो लाल करून रात्रभर राखेत पुरतात, म्हणजे मऊ होतो. तोच लाल पाटा पाण्यात बुडवला तर कडक आणि ठिसूळ. सावकाश निवताना अणूंना कमी ऊर्जेच्या जागी बसायला सवड मिळते. पाण्यात ते अडकतात. मी एवढे समजावल्यावर ते म्हणाले, "घाई केली की लोखंड अडकतं, हे त्यांना त्र्याऐंशी साली कळलं होय?"

निबंधातले ते वाक्य मी खोडले आहे. सरांना चौकट दाखवायचे राहिले. वडिलांनी खिळे काढून घेतले, कोणाच्या तरी दाराला हवे होते.