पुस्तक उघडले की मन पळते

परीक्षेचे दिवस आले की विहारातल्या अभ्यासिकेत बसणारी मुले-मुली हमखास विचारतात, "पुस्तक उघडले की मन पळते, काय करू?" घरचे सांगतात, मोबाइल फेकून दे. मोबाइल दूर ठेवावाच, पण तेवढ्याने भागत नाही.

श्वासाकडे लक्ष कसे ठेवावे हे सांगताना सतिपट्ठान सुत्तात तथागतांनी कातार्‍याची उपमा दिली आहे. कुशल कातारी किंवा त्याचा शागीर्द लांब फेरा घेतो तेव्हा आपण लांब फेरा घेतोय हे त्याला ठाऊक असते. आखूड घेतो तेव्हा आखूड. आयटीआयमधून टर्नर झालेल्यांना हे वेगळे सांगायला नको. लेथवर जॉब लावून कपाळाला आठ्या घालत बसले तर हात चुकतो. हत्यार कुठे आहे, आवाज बदलला का, एवढे भान पुरते.

अभ्यासाआधी पाच-सात मिनिटे ताठ, पण अंग सैल सोडून बसा. श्वास मुद्दाम ओढू नका. सोडलेल्या प्रत्येक श्वासाला एक आकडा द्या. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात सांगितल्याप्रमाणे मोजणी पाचाच्या आत थांबवू नये, दहापुढे नेऊ नये. चार-पाचपर्यंत पोचता पोचता मन सुटेलच. सुटल्याचे कळले की चिडू नका, पुन्हा एकपासून. या परत येण्याचाच सराव करायचा आहे. मग अर्धा तास एकच विषय घ्या. घर एका खोलीचे असेल तर तेवढा वेळ फोन आईकडे द्या. मध्येच मेसेज पाहिला की डोळे पुस्तकावर येतात, पण मन काही वेळ त्या मेसेजमध्येच रेंगाळते.

झोपेबाबत मात्र गैरसमज फार. बाबासाहेब रात्र-रात्र वाचत, म्हणून आपणही जागायचे, असे मुले म्हणतात. परळच्या चाळीत शाळकरी भीमराव आधी झोपत आणि रामजी सुभेदार त्यांना रात्री दोनला उठवत, असे चरित्रात आहे. एका खोलीच्या घरात शांतता मिळावी म्हणून केलेली ती सोय होती. रील पाहत एक वाजवायचा आणि सहाला उठायचे, याच्याशी तिची तुलना नको. दिवसा वाचलेले झोपेत पक्के होते. वाढत्या वयात आठ तास तरी झोप हवीच.

एवढे करूनही महिनाभर लक्ष लागत नसेल तर मुलाला आळशी ठरवू नका. चष्म्याचा नंबर तपासा. मुलींचे हिमोग्लोबिन तर आधी पाहा; रक्त कमी असले की दम लागतो आणि डोकेही चालत नाही. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. आणि एकदा शांतपणे विचारा, वर्गात कोणी काही बोलले का? आडनावावरून मारलेला एक टोमणा पोराला आठवडे-आठवडे पुस्तकापासून दूर ठेवू शकतो. घरात बोलता येत नसेल, तर 'टेली मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य, मराठीतही बोलता येते.