मोटारसायकलची गादी : मऊपणा की आधार?

बेळगावहून पुण्याला जायचे म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटरची मजल. मोटारसायकलने निघणारा विद्यार्थी चाकातली हवा पाहतो, ब्रेक तपासतो, पेट्रोल भरतो; पण ज्या गादीवर सहा-सात तास काढायचे तिच्याकडे त्याचे लक्ष जात नाही. निपाणी मागे पडेपर्यंत काही जाणवत नाही. कोल्हापूर ओलांडले की त्याची जागच्या जागी चुळबूळ सुरू होते आणि कऱ्हाड येईतो रस्त्यापेक्षा त्याचे ध्यान दुखणाऱ्या बैठकीकडेच अधिक असते. हा प्रश्न केवळ सुखासीनतेचा नव्हे. ज्याचे चित्त दुखण्यात गुंतले, त्याचे समोरच्या ट्रकवरचे लक्ष तेवढे कमी झालेच.

गादी जितकी मऊ तितके बसणे सुखाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पाच मिनिटांच्या बसण्यापुरती ती खरी आहे. पाच तासांसाठी ती बहुधा खोटी ठरते. असे का होते आणि गादी सुधारायची तर नेमके काय करावे, याचा विचार पदार्थविज्ञान व शरीरशास्त्र यांच्या आधाराने येथे करू.

दाबाचे गणित

माणूस ताठ बसला की त्याच्या धडाचा भार मुख्यतः आसनास्थींच्या खालच्या दोन उंचवट्यांवर येतो. कठीण बाकावर बसून तळहात खाली घातला तर ही दोन हाडे सहज हाताला लागतात. समजा, चालकाचे वजन ७० किलो आहे आणि त्याचा तीन-चतुर्थांश भाग, म्हणजे सुमारे ५२ किलो, गादीवर येतो. उरलेला भार पाय व हात घेतात. नुसत्या फळीवर बसताना शरीराचा जेमतेम १५० चौरस सेंटिमीटर भाग टेकतो असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ३५० ग्रॅम भार पडतो. तोच भार चांगल्या गादीने ६०० चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर हा आकडा ८७ ग्रॅमवर उतरतो. गादीचे पहिले कार्य हेच : भार नाहीसा करणे तिला शक्य नाही, तो पसरणे मात्र शक्य आहे.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. यूजीन लँडिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० साली माणसाच्या त्वचेतील केशवाहिन्यांमधला रक्तदाब प्रत्यक्ष मोजला. धमनीकडील टोकाशी तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा इतका भरला. आपल्या मापात हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४३ ग्रॅम होतो. ही काही काटेकोर सीमारेषा नव्हे. व्यक्तीनुसार आणि शरीराच्या भागानुसार ती बदलते. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. उत्तम गादीवरही दाब या आकड्याच्या दुप्पट असू शकतो. दाबलेल्या भागाचा रक्तपुरवठा मंदावतो, तेथे मुंग्या येतात, मग बधिरपणा आणि ठणका. दाबाबरोबर काळाचाही हिशेब ठेवावा लागतो, तो यामुळेच.

अतिशय मऊ गादीत काय घडते? बसताच ती खोलवर दबते आणि अंग सगळीकडून टेकल्यासारखे वाटते. दुकानात ती पसंत पडते ती याच कारणाने. परंतु हाडांखालचा फोम पूर्ण चेपला गेला की तो तळाच्या पत्र्याला टेकतो. मग हाडाखाली गादी उरतच नाही. चालक फोममध्ये बसलेला दिसतो, प्रत्यक्षात तो पत्र्यावर बसलेला असतो. शिवाय हाडे खाली गेल्यामुळे मधला नाजूक भाग गादीच्या उंचवट्यावर दाबला जातो व तेथील नसांना त्रास होतो. सारांश, गादीने हाडांना आधार द्यावा आणि मधल्या भागाला मोकळीक द्यावी.

कंपनांचा विचार

गादीचे दुसरे कार्य म्हणजे कंपने अडविणे. रस्त्यावरची कंपने व इंजिनची कंपने यांत मोठा फरक आहे. मिनिटाला ३००० फेरे घेणारे इंजिन सेकंदाला ५० कंपने देते. रस्त्याचे लाटांसारखे उंचवटे चार-चार मीटरवर असतील आणि वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर सेकंदाला सुमारे चार हिसके बसतात. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला पाचच्या आसपासच्या उभ्या कंपनांना सर्वांत जास्त साथ देते. पोट, छाती व मणका त्या वेळी अधिक हलतात.

गादी ही स्प्रिंग मानली, तर बारावीच्या भौतिकशास्त्रातले सूत्र येथे लागू पडते. वजनाने गादी किती दबते ते मीटरमध्ये घ्यावे, गुरुत्वत्वरणाला त्याने भागावे, वर्गमूळ काढावे आणि ६.२८ ने भागावे. गादीची स्वाभाविक कंपनसंख्या मिळते. गादी १ सेंटिमीटर दबत असेल तर उत्तर सेकंदाला ५ येते, म्हणजे नेमके शरीराला नकोसे. २.५ सेंटिमीटर दबत असेल तर ३.२ येते. स्वाभाविक कंपनसंख्येच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जलद कंपनेच स्प्रिंग अडवू शकते. त्याहून मंद कंपने ती तशीच पुढे पाठविते किंवा वाढविते. फोम ही आदर्श स्प्रिंग नव्हे आणि माणूस हा दगड नव्हे, म्हणून ही उत्तरे ढोबळ समजावीत. त्यांचा अर्थ मात्र स्वच्छ आहे. इंजिनची गुणगुण गादी सहज गिळते; रस्त्याचे मंद हिसके अडविण्याचे काम मुख्यतः शॉकॲब्सॉर्बरचे आहे. ते निकामी झाले असतील तर गादीवर केलेला खर्च वाया जाणार. जुन्या बुलेटवर चालकाचे खोगीर वेगळ्या स्प्रिंगांवर बसविलेले असे. त्या खोगीराला खाली-वर होण्यास भरपूर जागा मिळे, हे त्याच्या आरामाचे रहस्य होते.

फोमची निवड

गाद्यांसाठी आज पॉलियुरेथेन फोम सर्रास वापरतात. या रसायनाचा पाया जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली घातला. बाजारात फोम 'डेन्सिटी'च्या आकड्यावर विकला जातो. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो. हा आकडा वजनाचा आहे, कडकपणाचा नव्हे. कडकपणा वेगळ्या रीतीने मोजतात : ठराविक आकाराची तबकडी दाबून फोमची जाडी ४० टक्क्यांनी कमी करण्यास किती बल लागते, ते पाहतात. घनता जास्त असलेला फोम सहसा जास्त टिकतो, लवकर बसत नाही. तो मऊही असू शकतो आणि कडकही. म्हणून आकडा विचारावाच, पण अंगठ्याने व मुठीने दाबूनही पाहावे.

'मेमरी फोम' १९६६ मध्ये अमेरिकेतील अंतराळसंस्थेच्या संशोधनातून निघाला. तो अंगाचा आकार घेतो, पण उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत ताठरतो. आपल्या एप्रिलच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीवर तो एकटा वापरणे योग्य नाही. कडक फोमवर पातळ थर म्हणून तो चालेल. जेलची चकती दाब चांगला पसरते. मात्र ती जड असते व उन्हात तापून राहते.

प्रत्यक्ष काम

प्रथम मोजमाप करावे. पन्हाळीदार पुठ्ठ्याचा तुकडा कठीण स्टुलावर ठेवून त्यावर पाय किंचित उचलून मिनिटभर बसावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतले अंतर हे आपल्या हाडांचे अंतर. स्त्रियांत ते सरासरीने थोडे अधिक असते. गादीचा बसण्याचा भाग या अंतराहून दोन्ही बाजूंस चांगला रुंद व सपाट हवा. पुढचा भाग मात्र अरुंद ठेवावा, नाहीतर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीला पुरत नाहीत.

कुशनवाल्या कारागिराशी मराठीत बोला वा कन्नडमध्ये, तो बहुधा एकच प्रश्न विचारील : किती मऊ करायची? त्याला पुढील गोष्टी सांगाव्यात.

१. खाली कडक फोम आणि वर एक-दोन सेंटिमीटरचा मऊ थर असावा.

२. गादी पुढे उतरती असेल तर ती सपाट करावी. उतारावर चालक टाकीकडे घसरत राहतो आणि स्वतःला मागे रेटण्यात त्याचे हात व पाठ थकतात.

३. थर चिकटविताना सोल्यूशन सगळीकडे थापू नये. वाळल्यावर त्याचा कडक पापुद्रा होतो. कडेने लावलेले पुरते.

४. रेक्झीन ढोलकीच्या कातड्यासारखे ताणू नये. फार ताणलेले आवरण फोमला अंगाच्या आकाराप्रमाणे दबूच देत नाही आणि आतला चांगला मालही वाया जातो.

५. आवरणाखाली पातळ प्लॅस्टिक घालावे. आपल्याकडच्या पावसात शिवणीतून पाणी झिरपते आणि फोम ते धरून ठेवतो.

आवरण घालण्यापूर्वी गादी गाडीवर ठेवून निदान अर्धा तास बसून पाहावे. पाच मिनिटांत मऊ गादीच जिंकणार. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात की नाही, हेही तेव्हाच पाहावे. गादी तीन सेंटिमीटरांनी उंच झाली आणि चोर्ल्याच्या घाटात गाडी थांबविताना पाय अधांतरी राहिला, तर असल्या आरामाची किंमत फार मोठी पडेल.

इतका खर्च झेपत नसेल त्याने हवेची उशी घट्ट बांधून वापरावी. ती टम्म फुगवू नये. बसल्यावर हाडे गादीपासून जेमतेम बोटभर वर राहतील इतकीच हवा पुरे.

गादीला न जमणारे

वर पाहिलेले दाबाचे आकडे आठवले तर ध्यानात येईल की, कोणतीही गादी माणसाला अखंड बसण्याची सोय करून देऊ शकत नाही. दर तासा-दीड तासाने थांबून चार पावले चालणे हाच दाबावरचा खरा उपाय. खड्डा दिसताच वेग कमी करून फूटरेस्टवर भार घ्यावा व किंचित उठावे. हिसका गुडघे झेलतात, मणका वाचतो. मागच्या खिशातले पाकीट निघण्यापूर्वी काढून ठेवावे, कारण एका बाजूला आलेला तो उंचवटा कंबर तिरकी करतो. जाड शिवणीची पँट टाळावी. मागे बसणाऱ्याला तर धरायला हँडल नसते व पुढचा खड्डाही दिसत नाही. त्याच्या वाट्याची गादी तितक्याच काळजीने करवून घ्यावी आणि थांबायचे केव्हा हे त्याला विचारून ठरवावे.