गांधीबागेचा रोजमेळ आणि फुटलेला तारा

माझं लहानपण नागपूरच्या गांधीबागेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात गेलं. आता मी अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोटाने फुटलेल्या ताऱ्यांच्या, अवशेषांतून येणारे क्ष-किरण तपासते. या कामाने शिकवलेलं थोडं सांगते.

१. आधी मोजणी, मग चित्र. दुर्बीण एकेक फोटॉन टिपते आणि त्याची वेळ, जागा, ऊर्जा नोंदवते. ती यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा मला बाबांचा रोजमेळ दिसला.

२. क्ष-किरण आरशावर सरळ पडला तर आत जिरतो. अगदी तिरका आला तरच परततो, गांधीसागर तलावावर तिरपा मारलेला चपटा खडा टप्पे घेतो तसा. २०१५ साली अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या, मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडलेल्या क्ष-किरण दुर्बिणीचे आरसे असेच आहेत.

३. पार्श्वभूमी वजा करताना घाई नको. आकाशाचा आणि उपकरणाचा स्वतःचाही थोडा उजेड असतो, तो वजा करावाच लागतो. एकदा मी त्यासाठी अवशेषाच्या कडेलगतची ‘रिकामी’ जागा निवडली. तिथे अवशेषाच्याच कवचाची फिकट झाक होती. म्हणजे अवशेषातून मी अवशेषच वजा करत होते! तीन आठवडे तापमान चुकीचं येत राहिलं. बाबा म्हणायचे, “उधारी अन् रोकड एका पानावर आली का हिशेब गेला.” तेव्हापासून मी चार वेगवेगळ्या जागा घेऊन ताळा करते.

४. रंगांवर भाळू नका, वर्णपट वाचा. शर्मिष्ठा तारकासमूहातला कॅसिओपिया-ए हा अवशेष सुमारे ११,००० प्रकाशवर्षं दूर आहे. धक्कालहरीने कोट्यवधी अंश तापलेल्या त्याच्या वायूत सिलिकॉन, गंधक, लोखंड आपापल्या ऊर्जेच्या रेषा उमटवतात. ताऱ्याच्या पार आत तयार झालेलं लोखंड तिथे काही ठिकाणी सिलिकॉनच्याही बाहेर सापडलं. स्फोटाने तारा आतून बाहेर उलटला होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

५. हिशेबाचं आणि विज्ञानाचं नातं नागपुरात जुनं आहे. १९१० च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन नागपुरात सरकारी हिशेबखात्यात होते. त्यांच्या पुतण्याचं, चंद्रशेखरांचं, नाव १९९९ मध्ये अवकाशात सोडलेल्या ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीला आहे. तिची जुनी निरीक्षणं कुणालाही मोफत मिळतात. गल्लीतल्या मुलांना मी कॅसिओपिया-एची काही वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं आलटूनपालटून दाखवली. त्या स्फोटाचा प्रकाश सुमारे ३५० वर्षांपूर्वी आपल्याकडे पोहोचला, हेही सांगितलं. कवचाची कड सरकलेली पाहून एक पोरगा पडद्याला नाक लावून म्हणाला, “ताई, हे तर अजून फुटूनच राहिलं न!”