इंद्रीचे छायाचित्र

मुलांनो, तुम्ही कधी एखाद्या प्राण्याचे छायाचित्र काढले आहे का? घरातली मांजर समोर बसलेली असते, तरी ऐन वेळी ती तोंड फिरवते! मग जंगलात उंच झाडावर राहणाऱ्या प्राण्याचे छायाचित्र काढणे किती अवघड असेल!

आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात मादागास्कर हे मोठे बेट आहे. लेमूर हे तेथील प्राणी. ते माकडांचे दूरचे नातेवाईक आहेत. लेमूरच्या शंभराहून अधिक जाती आहेत. त्यांत इंद्री सर्वांत मोठा. त्याचे केस काळे-पांढरे आणि शेपूट अगदी आखूड असते. इंद्री पिंजऱ्यात जगत नाही. त्याला पाहायचे तर जंगलातच जावे लागते.

चला, आपण आंदासिबेच्या जंगलात जाऊ. वाटाड्याला बरोबर घ्या. सकाळची वेळ आहे. पानांवरून दव टपकत आहे. एवढ्यात दुरून लांबलचक हाक ऐकू येते. ही इंद्रीच्या कुटुंबाची हाक. ती दोन किलोमीटरपर्यंत पोहोचते. 'ही जागा आमची आहे,' असे ते शेजाऱ्यांना कळवतात. आवाजाच्या दिशेने हळूहळू चाला.

तो पाहा, इंद्री! पण घाई करू नका. त्याच्या मागे आभाळ असेल, तर छायाचित्रात तो नुसता काळा दिसेल. म्हणून थोडे बाजूला सरका. त्याच्या मागे हिरवी पाने येऊ द्या. झाडाखाली उजेड कमी असतो, तरी फ्लॅश वापरू नका. तो खोडावरून खोडावर लांब उड्या मारतो. तेव्हा त्याच्यामागे धावू नका. पाने खाऊन तो विसावा घेतो. तोपर्यंत वाट पाहा.

काही लोकांना धीर नसतो. ते इंद्रीची ध्वनिमुद्रित हाक वाजवतात. परके कुटुंब आले, असे इंद्रीला वाटते. तो खाणे सोडून ओरडू लागतो. लोकांना छायाचित्र मिळते, पण इंद्रीचा घास जातो.

मादी दोन-तीन वर्षांतून एकदा एकाच पिल्लाला जन्म देते. त्यातच शेती, लाकूड आणि कोळसा यांसाठी जंगल तोडले जात आहे. २०२० साली लेमूरच्या १०७ जातींपैकी १०३ जाती धोक्यात असल्याचे जाहीर झाले. इंद्री तर नामशेष होण्याच्या काठावर आहे.

म्हणून जंगलात आपण पाहुणे आहोत, हे विसरू नका. एखाद्या दिवशी छायाचित्र न घेताच परतावे लागेल. हरकत नाही. इंद्री निर्धास्त राहिला, तर उद्या पुन्हा त्याची हाक ऐकू येईल.

शब्दार्थ : छायाचित्र – फोटो, तसवीर. वाटाड्या – वाट दाखवणारा. विसावा – विश्रांती. नामशेष होणे – पूर्णपणे नाहीसे होणे. निर्धास्त – ज्याला भीती नाही असा.

स्वाध्याय
१. इंद्री हाक का मारतो?
२. ध्वनिमुद्रित हाक वाजवल्याने इंद्रीचे काय नुकसान होते?
३. तुमच्या परिसरातील एखादा पक्षी दहा मिनिटे शांतपणे पाहा. त्याच्याविषयी पाच वाक्ये लिहा.