खेळ-कलेचं व्यवस्थापन शिकायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

सामन्यांचं आयोजन, स्टेडियमची देखभाल, नाटकाच्या तारखा लावणं, कलामहोत्सवाचं नियोजन. या कामांना शिकलेली माणसं हवी आहेत आणि ती घडवण्याचे क्लासही भराभर निघत आहेत. तुम्हाला यात यायचं असेल तर वाटा दोन: विद्यावेतन घेऊन शिकणं किंवा फी भरून शिकणं. पहिली वाट आधी तपासा.

पैसे घेऊन शिका

पदवी किंवा पदविका मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर केंद्राच्या ‘नॅट्स’ पोर्टलवर शिकाऊ उमेदवारीसाठी नोंदणी करा. नोंदणी मोफत. 2019च्या नियमांनी पदवीधराचं किमान विद्यावेतन दरमहा 9,000 रुपये ठरवलं. त्यातला निम्मा वाटा सरकार उचलतं.

राज्याने 2024मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना 6,000, आयटीआय-पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये महिना ठरवला आहे. वय 18 ते 35, महाराष्ट्राचा अधिवास, आधारशी जोडलेलं बँक खातं या अटी. नोंदणी महास्वयम् पोर्टलवर. अडचण एकच: दोन्ही योजनांत संस्थाही पोर्टलवर नोंदलेली लागते. लहान क्लब आणि नाट्यसंस्था बहुधा नसतात. म्हणून अर्जाआधी तिथे फोन करून विचारा.

कलाक्षेत्रात आधीच काम करत असाल तर केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची फेलोशिप बघा. वय 25 ते 40 असेल तर दरमहा 10,000, चाळिशीपुढे 20,000, मुदत दोन वर्षं. ती फक्त गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची नाही. कला आणि वारसा यांच्या व्यवस्थापनावरचा अभ्यासही तिच्यात बसतो. पैसे महिन्याला हातात येत नाहीत, सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत येतात. घरभाडं त्यावर लावू नका.

फी भरायचीच असेल तर

पुण्यात सिंबायोसिसमध्ये क्रीडा व्यवस्थापनाचं एमबीए आहे, कोलकात्याच्या आयआयएसडब्ल्यूबीएममध्ये पदव्युत्तर पदविका. विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त पदवीवर जीएसटी नाही. खासगी क्लासच्या प्रमाणपत्रावर मात्र 18 टक्के लागतो, आणि माहितीपत्रकात तो बारीक टायपात असतो.

गेल्या जूनमध्ये माझी भाची अशा एका संस्थेचा फीचा कागद घेऊन आली. वर ठळक आकडा 1,50,000. तळाशी ‘कर वेगळा’. म्हणजे आणखी 27,000. मागच्या पानावर नोंदणी, गणवेश, परीक्षा आणि ‘प्लेसमेंट साहाय्य’ यांच्या चार ओळी. रकमेच्या जागी नुसती रेघ. कार्यानुभवासाठी सामन्यांना जायचं, तो प्रवासही मुलांच्या खिशातून. आम्ही त्या रेघांवर आकडे लिहून मागितले. ते मिळाले नाहीत, म्हणून पैसेही भरले नाहीत.

तुम्हीही हेच करा. एकूण रक्कम, हप्ते, परताव्याची अट हे सगळं संस्थेच्या शिक्क्यानिशी घ्या. ‘आज भरलंत तर सवलत’ म्हणणाऱ्याकडून त्या दिवशी उठून या. ‘100 टक्के नोकरी’ म्हणणाऱ्याकडे गेल्या वर्षीच्या मुलांची नावं, नोकरीची ठिकाणं मागा.

प्रवेश रद्द केला तर

यूजीसीच्या 2018च्या नियमांनुसार प्रवेशाच्या अखेरच्या तारखेच्या 15 किंवा जास्त दिवस आधी रद्द केलात तर पूर्ण फी परत, प्रक्रियाशुल्क फार तर 5,000 कापून. त्यानंतर अखेरच्या तारखेपर्यंत 90 टक्के, पुढच्या 15 दिवसांत 80, तिसाव्या दिवसापर्यंत 50, मग काही नाही. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत मिळायला हवी. मूळ गुणपत्रिका कोणतंही कॉलेज ठेवून घेऊ शकत नाही; दाखवा, तपासू द्या, परत घ्या. हे नियम विद्यापीठं आणि त्यांच्या कॉलेजांना आहेत. खासगी क्लासने फसवलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

कागदपत्रं आणि कर्ज

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासबुक, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला. शेवटचे दोन ‘आपले सरकार’वरून काढा, महिनाभर आधी अर्ज टाका, निकालाच्या हंगामात गर्दी असते. एजंट नको, पावतीवर छापलेली रक्कम तेवढीच द्या. शैक्षणिक कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार होतात. हप्ता शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत थांबतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं.

आणि फी भरण्याआधी एक स्वस्त परीक्षा. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत किंवा एकांकिका स्पर्धेच्या पडद्यामागे चार दिवस काम करा. गुणलेखकाची खुर्ची वेळेवर आणणं, रात्री अकराला टेम्पो शोधणं, रुसलेल्या संघाला समजावणं, हाच या नोकरीचा रोजचा दिवस आहे. आवडला तर आयोजकांकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घ्या. ते फुकट मिळतं आणि मुलाखतीत उपयोगी पडतं. नाही आवडला तर लाखभर रुपये वाचले.